घोडं पेंड खातं ते इथेच

मंडळातल्या काही मुली आता भरतनाट्यम आणि स्पेलिंग बीबरोबर घोड्यावरही बसू लागल्या आहेत, याचा मला आनंदच आहे. हौसेला मोल नसतं हेही मान्य. पण घोडा विकत घ्यायची वेळ आली की आपण बाबालोक जो व्यवहार करतो, त्याबद्दल मला भांडायचं आहे.

"चार वर्षांचा आहे, स्वस्तात मिळतोय. मुलीबरोबर तोही शिकेल, पुढे दुप्पट किमतीला जाईल!" खोटं कशाला बोलू, तीन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो होतो. शर्यतीतून निवृत्त झालेला देखणा थरोब्रेड, दोन मिनिटांचा व्हिडिओ आणि विकणाऱ्याच्याच डॉक्टरचं प्रमाणपत्र, एवढ्यावर मी चेक फाडला. ऑफिसात चार ओळींचा बदलसुद्धा टेस्टिंगशिवाय पुढे जाऊ न देणारा मी! सहाव्या आठवड्यात लेकीचं कॉलरबोन मोडलं. दोष घोड्याचा नव्हता. शिकाऊ स्वार आणि शिकाऊ घोडा ही जोडी मीच जमवली होती.

इव्हेंटिंग म्हणजे तीन परीक्षा: ड्रेसाज, क्रॉस कंट्री आणि शो जंपिंग. शो जंपिंगमध्ये दांडा पडतो, गुण जातात. क्रॉस कंट्रीतले ओंडके सहसा पडत नाहीत. चुकलं तर घोडाच पडतो, स्वारासकट. तिथे दोघांपैकी एकाला तरी काम येत असायला हवं, आणि बारा वर्षांच्या मुलीला ते येत नसतं. म्हणून घोडा बारा-पंधरा वर्षांचा, त्या उंचीच्या उड्या वर्षानुवर्षं मारलेला हवा.

"पंधरा वर्षांचा? मग रिसेल काय येणार?" घोडं पेंड खातं ते इथेच! घर आणि गाडी घेतानाचा हिशेब आपण लेकीच्या हाडांना लावतो.

मग कोणीतरी स्नोमॅनचा दाखला देतो. कत्तलखान्याच्या वाटेवरचा तो नांगराचा घोडा हॅरी डिलेयरने १९५६ साली ८० डॉलरला घेतला आणि १९५८ मध्ये त्याच्यावर मोठमोठ्या स्पर्धा जिंकल्या. खरं आहे. पण डिलेयर स्वतः मुरलेला स्वार आणि शिक्षक होता. आपल्या घरात डिलेयर कोण? २०१८च्या एशियाडमध्ये रौप्यपदक मिळवणारा आपला फवाद मिर्झासुद्धा ज्या सेन्यॉर मेडिकॉटवर बसला, त्याला आधी बेटिना हॉयसारखी कसलेली जर्मन स्वार स्पर्धांत उतरवत होती.

तेव्हा डॉक्टर आपला आणावा, विकणाऱ्याचा नव्हे. पाय थोडा वेळ दुमडून धरून लगेच दुडक्या चालीने पळवायचं आणि लंगडतो का ते पाहायचं. एक्स-रे काढायचे. रक्ताचा नमुनाही घ्यायचा, कारण वेदना किंवा अवखळपणा औषधाने झाकता येतो. ही फी वाचवणं म्हणजे घराची तपासणी न करता सह्या करणं.

आणि घाई कशाला? आधी वर्षभर लीजवर घ्या. तबेल्याचं भाडं, दर सहा-आठ आठवड्यांनी येणारा नालबंद, दातांची निगा, सगळा खर्च तेव्हाच कळेल. फक्त 'भाड्याचं घोडं ओझ्याने मेलं' असं होऊ देऊ नका.

शेवटचा मुद्दा कोणी काढत नाही. मुलगी चार-पाच वर्षांत कॉलेजला जाईल. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. अमेरिकेतले शेवटचे घोड्यांचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले, पण त्यानंतरही नकोसे घोडे ट्रकमधून मेक्सिको-कॅनडाला जात राहिले. त्याच्या म्हातारपणाची सोय सुचत नसेल, तर विकत घेऊ नये.

आमचा थरोब्रेड आता एका अनुभवी शिक्षिकेकडे आहे आणि तिथे झकास उड्या मारतो. लेक सतरा वर्षांच्या, लीजवर घेतलेल्या घोडीवर बसते. घोडी दिसायला सामान्य आहे, आणि रिसेल किती ते मी विचारलेलं नाही.