पुंडलिकाची चूक आपण लपवतो का?



चाळीस वर्षे कीर्तनाला उभा राहिलो. संभाजी महाराजांचा दृष्टांत दिला की सारा मंडप हेलावून जायचा. पण एक गोष्ट मी दरवेळी गाळली. १६७८ च्या डिसेंबरात शंभूराजे स्वराज्य सोडून दिलेरखानाला जाऊन मिळाले, हे कोल्हापुरात, पन्हाळ्याच्या इतक्या जवळ राहूनही मी कधी उच्चारले नाही. लोक दुखावतील, बिदागी जाईल, ही भीती. आता वीणा खाली ठेवली आहे, म्हणून कबूल करतो: ते माझे चुकले.

कोणी म्हणेल, तो गनिमी कावा होता. पण पुढच्याच वर्षी भूपाळगड पडला आणि दिलेरखानाने तिथल्या कैद्यांचा एकेक हात तोडला, असे इतिहासकार लिहितात. त्या मावळ्यांच्या दारात उभे राहून 'कावा होता' असे सांगण्याची छाती कोणाची आहे?

दुसरा म्हणेल, मग असला माणूस आदर्श कसा? त्याला मी विचारतो, आपल्या घोषात विठ्ठलाच्याही आधी नाव कोणाचे? पुंडलिकाचे. आणि पुंडलिक मुळात कोण? आईबापांना छळणारा मुलगा. ती कथा आपण गाळत नाही. तो परतला, सेवेला लागला, म्हणून तर देव विटेवर तिष्ठत राहिला.

शंभूराजेही परतले. १६७९ च्या अखेरीस ते पन्हाळ्यावर आले. १६८० च्या आरंभी थोरले महाराज तिथेच त्यांना भेटले. पोराला टाकले नाही, पण लगेच रायगडावरही नेले नाही. माया आणि न्याय दोन्ही राखले. पुढे जवळजवळ नऊ वर्षे शंभूराजे मोगलांशी झुंजले आणि १६८९ साली हालहाल सोसून गेले, पण औरंगजेबापुढे वाकले नाहीत. आधीची चूक गाळली, तर या न वाकण्याचे मोल श्रोत्याला कळणार कसे?

मात्र सावध! आज एखाद्या बुवाचे गैरवर्तन उघडे पडले की शिष्य पुंडलिकाचे नाव पुढे करतात. माउली, पुंडलिक छळ करता करता भक्त झाला नाही, छळ सोडून झाला. जो परतलाच नाही, त्याच्या हाती ही ढाल देऊ नका.

आणि तरुण कीर्तनकारांनो, मी अर्धी सांगितली ती कथा तुम्ही पुरी सांगा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!