रविवार कुणाचा?

मैत्रिणींनो, रविवारची सुट्टी इंग्रजांनी आपल्याला फुकटात दिली असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती १८९० साली मिळाली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यामुळे. लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. त्या वर्षी एप्रिलमध्ये कामगारांची मोठी सभा झाली, तिथे दोन कामगार बायकांनीही भाषणं केली. सुट्टी मागायला बायका उभ्या राहिल्या आणि आज घरोघरी तोच वार बाईला दुप्पट कामाचा! असो.

हे आठवलं, कारण परवाचा रविवार मी नांदेड आणि लातुरात, वेगवेगळ्या मंडळींत घालवला. टीव्ही लावला की कुठला धर्म कुणाच्या विरोधात, एवढंच ऐकू येतं. मी मात्र बघत होते, बाई कुठे बसते आणि बोलतं कोण.

सकाळी नांदेडला सचखंड हुजूर साहिब. गुरू गोविंदसिंगजींचा १७०८ साली इथेच अंत झाला आणि यापुढे ग्रंथालाच गुरू माना, असं ते सांगून गेले. त्या गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची पदं आहेत, हे आपल्यातल्या किती जणींना ठाऊक आहे? लंगरात बसलं की शेजारी कोण, हे विचारायची सोयच नाही. माझ्या एका बाजूला पंजाबातून आलेल्या आजी, दुसऱ्या बाजूला दवाखान्यासाठी खेड्यातून आलेलं कुटुंब. ताट एकच. पण पंगत वेगळी आणि कारभार वेगळा. १९५६ चा गुरुद्वारा कायदा बदलायचं सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवलं, तेव्हा इथला शीख समाज रस्त्यावर उतरला. राग रास्तच होता. मंडळावर सरकारचे किती आणि समाजाचे किती, यावर चर्चा झाली. बायका किती, हा प्रश्न काही माझ्या वाचनात आला नाही.

तिथून एका वस्तीतल्या बुद्धविहारात गेले. पांढऱ्या साडीतल्या बाया पुढच्या रांगेत, वंदना तोंडपाठ, आवाज खणखणीत. ऐकून बरं वाटलं. वंदना संपली, हिशेबाची वही निघाली आणि बाया सतरंज्या गोळा करायला उठल्या.

दुपारच्या एसटीने अहमदपूरमार्गे लातूर. स्वतंत्र धर्माच्या मागणीसाठी सप्टेंबर २०१७ मध्ये लिंगायत समाजाचा प्रचंड मोर्चा निघाला तो याच गावात. मी गेले ती शरणांची घरगुती बैठक होती. इष्टलिंग बाईच्याही गळ्यात असतं आणि शरणांनी पाळीचा विटाळ बाराव्या शतकातच मोडीत काढला, हे तिथे छान समजावून सांगितलं. तरी घरातली एक सून उंबऱ्याबाहेरच बसली होती. कारण विचारावं लागलं नाही.

शेवटी, देवधर्म न मानणाऱ्यांची बैठक. विषय, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा खेड्यापाड्यांत कसा पोचवायचा. डॉ. दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर हा कायदा आला, त्यामुळे बोलणारे तळमळीने बोलत होते. अंगात येतं ते बहुतेक बायकांच्या, म्हणून बायकांपर्यंत पोचलं पाहिजे, असं सगळ्यांचं मत पडलं. वीस-बावीस माणसांत आम्ही बायका तिघी. यजमानीणबाई धरल्या तर चार, पण त्या चहात होत्या.

आता कुणी म्हणेल, बायकांनाच पुढे यायचं नसतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर काय झालं ते बघा. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती. १९९४ पासून ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने महिला मंडळांतल्या बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. ज्यांनी कधी चावडीची पायरी चढली नव्हती त्या सिमेंट, सळई आणि अनुदानाचा हप्ता यावर इंजिनिअरशी बोलू लागल्या. कोण कुठल्या देवाची, हे पडक्या भिंतीपुढे कोण विचारतं? त्यांना काम नेमून दिलं होतं आणि बोलणं हाच त्या कामाचा भाग होता. सतरंजी गोळा करणं नव्हे.

लातूरच्या बैठकीत मी एवढंच सुचवलं की, वेळ संध्याकाळी सहाची न ठेवता दुपारी तीनची ठेवा. सहाला प्रत्येकीच्या घरी कणीक मळायची असते. दुपारी झोप असते, असं एक काका म्हणाले. पुढच्या रविवारी ठरवू, असं ठरलं.