गाण्याच्या दुकानाची पारख

बाजारात गेलेला मनुष्य दुकानाची पारख बहुधा डोळ्यांनीच करतो. तराजू सरळ धरला आहे की नाही, माल ताजा आहे की शिळा, शेजारचे गिऱ्हाईक समाधानाने परतत आहे की कुरकुरत, एवढे पाहिले की त्याचे काम भागते. आंतरजालावरील गाण्याच्या दुकानाची गोष्ट निराळी आहे. तेथे तराजू नाही, शेजारी गिऱ्हाईक नाही, आणि दुकानदार कोणत्या देशात बसला आहे हेही पुष्कळदा ठाऊक नसते. महाराष्ट्रापासून दूर, वडोदऱ्यासारख्या शहरी वाढणाऱ्या आम्हां मराठी मुलांस एखादे नाट्यगीत किंवा अभंग संग्रही ठेवावयाचा झाल्यास हेच दुकान सर्वांत जवळचे. म्हणून त्याची पारख कशी करावी या प्रश्नाचा थोडा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या बाबतीत सर्वसाधारणपणे जे उपाय सांगितले जातात, ते खोटे नाहीत, अपुरे आहेत. पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे किंवा कुलुपाचे चिन्ह दिसले की दुकान विश्वासू, अशी समजूत फार पसरली आहे. वस्तुतः ते चिन्ह एवढेच सांगते की आपण पाठविलेला मजकूर वाटेत कोणास वाचता येणार नाही. पलीकडे तो मजकूर घेणारा साव आहे की चोर, याविषयी ते मूक असते. चोरालाही ते विनासायास मिळते. स्तुतिपर अभिप्रायांचे मोल त्याहून कमी, कारण ते लिहिणारे खरोखरचे गिऱ्हाईक आहेत की पगारी नोकर, हे कसे कळावे? मागविलेल्या गीताऐवजी ‘ईएक्सई’ किंवा ‘एपीके’ या अक्षरांनी संपणारी फाइल हाती आली, तर ते गीत नव्हे. तो प्रोग्राम होय, आणि तो उघडू नये. पैसे परत करतो असे सांगून यूपीआयचा पिन मागणारा ठकच समजावा, कारण पैसे घेताना पिन लागत नाही. फसगत झालीच, तर १९३० या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर विनाविलंब कळवावे. एवढी सावधगिरी शाळकरी मुलासही बाळगता येण्याजोगी आहे.

परंतु या सगळ्या कसोट्या केवळ आपला खिसा सांभाळतात. आमचे म्हणणे असे की, दुकान आपल्याशी कसे वागले यावरून त्याची परीक्षा पुरी होत नाही. व्यवहाराच्या वेळी जो समोर उभा नसतो, त्या गायकाशी, कवीशी व संगीतकाराशी ते कसे वागले, हे पाहिले पाहिजे.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी रशियात ‘ऑल ऑफ एमपी थ्री’ नावाचे असे एक दुकान निघाले होते. त्याची कीर्ती जगभर पसरली, आणि ती अकारण नव्हती. हवे ते गीत हव्या त्या दर्जाचे मिळे, फाइलला कसलेही बंधन नसे, आणि किंमत पाहावी तर एका गीतास अमेरिकेचे दहा-वीस सेंट! त्याच सुमारास अमेरिकेत ‘आयट्यून्स’ एका गीताचे नव्याण्णव सेंट घेत होते. रशियन दुकानाची आकारणी गीतावर नव्हतीच. ती मेगाबाइटवर, म्हणजे जणू वजनावर होती. भाजीबाजारात शोभणारी ही रीत संगीतास लावली, तर तीन मिनिटांच्या भावगीतास थोडे आणि अर्ध्या तासाच्या ख्यालास पुष्कळ दाम पडणार. मग गाणारा कोणी का असेना! गिऱ्हाईक मात्र खूष होते. त्यांना माल मिळत होता.

हे दर इतके उतरले कसे, याचे उत्तर सोपे होते. ज्यांनी ती गीते निर्माण केली त्यांच्याशी दुकानाने करारच केला नव्हता. रशियातील ‘रोम्स’ या संस्थेचा परवाना आपणांपाशी आहे व तिच्याकडे आपण हिस्सा भरतो, असे दुकान सांगे. तर त्या संस्थेस आमच्या वतीने परवाना देण्याचा अधिकार आम्ही कधीच दिला नाही, असे ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांचे म्हणणे होते. २००६ साली व्हिसा व मास्टरकार्ड यांनी त्या दुकानाचे व्यवहार थांबविले. त्याच वर्षी अमेरिका व रशिया यांच्यात जागतिक व्यापार संघटनेतील प्रवेशासंबंधी जी बोलणी झाली, तींत या एका दुकानाचा नावानिशी उल्लेख झाला. जुलै २००७ मध्ये ते बंद पडले. ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या न्यायालयाने त्याच्या माजी संचालकास निर्दोष ठरविले, हेही येथे नमूद केले पाहिजे. पण म्हणून आमचे मत बदलत नाही. कायद्याच्या चौकटीतून निसटता येणे निराळे आणि गायकाचे देणे चुकते करणे निराळे.

याच्या उलट दुकानदार प्रतिष्ठित, करारमदार चोख, आणि तरीही गिऱ्हाईक अडचणीत, असाही प्रकार घडला आहे. मायक्रोसॉफ्टने २००४ साली काढलेल्या ‘एमएसएन म्युझिक’ या दुकानातील गीते डिजिटल कुलुपात बंद असत, व त्यांची किल्ली कंपनीच्या यंत्रावर राही. विक्री २००६ मध्ये थांबली. पुढे एप्रिल २००८ मध्ये कंपनीने जाहीर केले की, त्या वर्षीच्या ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी किल्ली मिळणार नाही. ज्यांनी रास्त दाम मोजून गीते घेतली होती, त्यांची गीते जुन्या संगणकाबरोबर निकामी होण्याची वेळ आली. ओरड झाली, तेव्हा ही सोय २०११ अखेरपर्यंत वाढवून देण्यात आली. म्हणून विकत घेण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य विचारावी: दुकान उद्या उठून गेले, तर माझे गीत माझ्यापाशी वाजेल काय?

‘फ्लिपकार्ट’ या आपल्याकडील कंपनीने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ नावाचे गीतांचे दुकान उघडले. परवाने रीतसर होते, एमपी थ्री फाइलला कुलूप नव्हते, आणि काही गीते सहा रुपयांना मिळत. दीड वर्षाच्या आत, २०१३ साली, ते बंद झाले. बंद करताना दुकानाने आगाऊ सूचना दिली आणि विकत घेतलेली गीते उतरवून घेण्यास ऑगस्टपर्यंत मुदत ठेवली. कारणे दोन सांगितली गेली: चोरट्या प्रतींचा सुळसुळाट आणि लहान रकमा भरण्याची गैरसोय. दुसरी अडचण २०१६ नंतर यूपीआयने दूर केली आहे. पहिली मात्र गिऱ्हाइकांच्याच हातची होती. चांगले दुकान मिळत नाही अशी तक्रार आम्ही पुष्कळ ऐकतो. ती करणाऱ्यांच्या मोबाइलमधील गीते कोठून आली, हे विचारण्याची सोय नसते!

वाटणी उघड सांगणारी दुकाने आजही आहेत. ‘बँडकॅम्प’ हे दुकान डिजिटल विक्रीतून आपला वाटा सर्वसाधारणपणे पंधरा टक्के असल्याचे स्पष्ट लिहिते. हा आकडा कमी की अधिक, यावर वाद होऊ शकेल. पण तो छापलेला आहे म्हणूनच वाद करता येतो. आमच्या मते वाटणीचा आकडा लपविणाऱ्या दुकानाच्या स्वस्ताईवर विसंबू नये.

यावर आमचे काही सोबती म्हणतील, खाऊच्या पैशांत गीते विकत घ्यावी तरी किती? आक्षेप रास्त आहे. पण फुकट ते सारे चोरीचेच, असेही नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. ज्यांच्या गाण्याने आमचे हे शहर गाजले, ते बडोदे दरबारचे उस्ताद फैयाज खाँ १९५० साली निवर्तले. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांवरील हा हक्क केव्हाच संपला आहे. त्या उतरवून घेण्यात कोणाचे देणे बुडत नाही. मात्र त्यांचे एखादे आकाशवाणीवरील गायन पुढे कित्येक वर्षांनी प्रथमच प्रसिद्ध झाले असेल, तर त्याची साठ वर्षे तेव्हापासून मोजावी लागतील.

१९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांनी ध्वनिमुद्रण केले, तेव्हा गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव उच्चारीत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या जात, आणि तेथील कारागिरांस कोणाचे गाणे ते कळावे, हा त्यामागील हेतू सांगतात. आज गायकाचे नाव लिहिणे म्हणजे चार अक्षरे टंकण्याचे काम आहे. तरीही ‘जुनी मराठी गाणी, भाग पाच’ एवढ्याच मथळ्याखाली गायक, कवी, संगीतकार यांपैकी कोणाचाही नामनिर्देश न करता गीतांचे गठ्ठे वाटणारी स्थळे आढळतात. ज्या संग्रहात गायकाचे नाव, राग, तबकडीचा क्रमांक व वर्ष नीट दिलेले असेल, तेथूनच प्रारंभ करावा. आणि त्याच मालकापाशी पैसे देऊन घेण्यासारखे काही असले, तर आधी एकच गीत घेऊन, ते मोबाइलवरून संगणकावर नेऊन वाजते की नाही, हे पाहावे.