कथेचा जमाखर्च

नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगलीची मालिका लागली, की घरोघरची मुले अंघोळ आटोपून दूरचित्रवाणीसमोर बसत. ती मालिका जपानमध्ये तयार झाली आहे, हे त्या वेळी फार थोड्यांना ठाऊक होते. तिने ५२ भागांत आपली कथा पूर्ण केली. आज त्या मुलांची मुले मोबाईलवर जपानी चित्रमालिका, म्हणजेच 'ॲनिमे', पाहतात आणि शेजारी बसलेले आजोबा विचारतात, "अरे, हे दोघे कालही असेच एकमेकांकडे बघत उभे होते ना? यांची लढाई संपणार तरी कधी?"

आजोबांचा प्रश्न रास्त आहे. 'ड्रॅगन बॉल झी' या विख्यात मालिकेत नामेक ग्रह पाच मिनिटांत नष्ट होणार, असे खलनायक फ्रीझा सांगतो; ती पाच मिनिटे पुढे अनेक भाग पुरतात. ऐन युद्धात योद्धा थांबतो, बालपण आठवतो, प्रतिस्पर्ध्याला स्वतःच्या विद्येचे रहस्य सविस्तर समजावून सांगतो आणि मगच प्रहार करतो. नव्या भागाची पहिली काही मिनिटे मागील भागाच्या उजळणीत जातात. ॲनिमेवर मनापासून प्रेम करणारेही या गोष्टींना कंटाळतात.

या रेंगाळण्यामागे एक साधा हिशेब आहे. अशा बहुतेक मालिका 'मांगा' या चित्रकथांवर आधारलेल्या असतात. साप्ताहिकातील मांगाकार आठवड्याला एक प्रकरण, साधारण वीस पाने, काढतो. वीस-बावीस मिनिटांचा एक भाग मात्र अशी दोन प्रकरणे सहज संपवू शकतो. जमा एक आणि खर्च दोन, असा व्यवहार दर आठवड्याला चालला, तर शिल्लक संपणारच. मग निर्मात्यांपुढे तीनच मार्ग उरतात. पहिला, आहे ती कथा ताणणे. दुसरा, मूळ कथेत नसलेले भरतीचे भाग घालणे. २००२ ते २००७ या काळातील 'नारुतो'च्या २२० भागांपैकी अखेरचे सुमारे ८० भाग बहुतांशी असेच आहेत. तिसरा मार्ग म्हणजे स्वतःचा वेगळा शेवट रचणे. 'फुलमेटल अल्केमिस्ट'च्या २००३ मधील मालिकेने तो पत्करला. पुढे मूळ चित्रकथा समाप्तीकडे येत असताना, २००९ मध्ये, तीच कथा नव्याने सादर झाली आणि ६४ भागांत मूळ शेवटापर्यंत पोहोचली.

अर्थात, पडद्यावरील प्रत्येक स्थिरता हा दोष नव्हे. १९६३ मध्ये ओसामू तेझुका यांनी 'ॲस्ट्रो बॉय' ही साप्ताहिक मालिका सुरू केली, तेव्हा पैसा आणि वेळ दोन्ही अपुरे होते. म्हणून कमी चित्रांत काम भागवले गेले आणि काढलेली चित्रे जपून पुन्हा वापरली गेली. चित्रांच्या अशा साठ्याला जपानमध्ये 'बँक' असेच म्हणतात! त्या काटकसरीतूनच एक शैली जन्मली. कथेजवळ सांगण्यासारखे काही असेल, तर स्थिर चित्रही बोलते.

एका दोषाला मात्र या हिशेबाची सबब चालत नाही. 'ड्रॅगन बॉल'मध्ये सात गोळे एकत्र केले की मेलेले परत येतात. प्रथम एखादे पात्र मरते, तेव्हा मुलाचे डोळे भरतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी तोच मुलगा जेवता जेवता म्हणतो, "काही नाही आजोबा, येईल परत." मुलगा निष्ठुर झालेला नसतो, येथे दुःख करण्याचे कारण नाही, हे कथेनेच त्याला शिकवलेले असते. याउलट इसाओ ताकाहाता यांच्या 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' या १९८८ मधील चित्रपटात सेत्सुको ही चिमुरडी युद्धकाळातील उपासमारीने दगावते. कोणताही चमत्कार तिला वाचवत नाही. जेमतेम दीड तासाची ती कथा पाहणाऱ्याच्या मनात आयुष्यभर राहते.

अलीकडे अनेक मालिका बारा किंवा पंचवीस-सव्वीस भागांचे एक पर्व दाखवून थांबतात आणि पुढील सामग्री सिद्ध झाल्यावरच परततात. 'अटॅक ऑन टायटन'चे पहिले पर्व २०१३ मध्ये आले, दुसऱ्यासाठी प्रेक्षकांना २०१७ पर्यंत वाट पाहावी लागली. मुलांना ही प्रतीक्षा जड जाते; परंतु रिकाम्या भागांपेक्षा ती बरी. प्रेक्षक आपला वेळ आणि आपले अश्रू विश्वासाने कथाकाराच्या हाती ठेवतो. ती परक्याची ठेव आहे आणि तिचा हिशेब द्यावा लागतो, याचे भान सांगणाऱ्याने सोडू नये.

आजोबांनीही केवळ त्रासून उठून जाऊ नये. "यातला कोणता भाग गाळला तरी चालला असता?" एवढे नातवाला विचारावे. तो उत्तर शोधू लागेल, तेव्हा बरी कथा आणि लांबवलेली कथा यांतील भेद त्याचा तोच ओळखू लागेल.