दुसरी प्रत कोणाच्या छपराखाली?

मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कट्टा या गावी, किंबहुना तळकोकणातील कोणत्याही गावी, मे महिना सरत आला की आगोटीची लगबग सुरू होते. कौले परतली जातात, लाकूडफाटा कोरड्या जागी रचला जातो, सुकी मासळी आणि सोले डब्यांत जातात, पेरणीचे भात खाण्याच्या भातापासून निराळे काढून ठेवलेले असते. पुढल्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळणार आहे याचा पक्का हिशेब प्रत्येक घराने मनाशी केलेला असतो. या सिद्धतेत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरात आलेली एक वस्तू मात्र कोठेच बसत नाही. ती म्हणजे घरातला संगणक. फार तर त्याच्यावर प्लास्टिकचे आच्छादन पडते आणि वीज कडाडू लागली की त्याची पिन काढली जाते. यंत्राची काळजी एवढ्यावर संपते. यंत्राच्या पोटात जे साठले आहे त्याची काळजी सुरूच होत नाही.

त्या पोटात काय असते, याची मोजदाद कोणी करीत नाही. शिक्षकाच्या घरी दहा-बारा वर्षांच्या टाचणवह्या आणि प्रश्नपत्रिका असतात. ज्याला टंकलेखन येते त्या कारकुनाच्या गळ्यात गावातल्या मंडळाचा किंवा देवस्थानाच्या उत्सवाचा जमाखर्च पडलेला असतो, आणि तो त्याच्या घरच्याच संगणकावर असतो. विद्यार्थ्याचा अर्धा लिहून झालेला प्रबंध असतो. मुंबईच्या भाऊबंदांशी झालेला जमिनीच्या वाटपाचा पत्रव्यवहार, कोणीतरी हौसेने जुळवलेली वंशावळ, लग्नकार्यांची छायाचित्रे, दिवंगत आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, जत्रेतल्या दशावताराचे एका रात्रीचे चित्रण. दशावतारातील संवाद लिहून काढलेले नसतात. नट ते रंगमंचावर आयत्या वेळी रचतो. तेव्हा त्या रात्रीचे ते चित्रण पुसले गेले, तर ते पुन्हा मिळवण्याची दुसरी कोणतीही वाट उरत नाही.

या ठिकाणी एक भेद केला पाहिजे. सातबाराचा उतारा हरवला तर चिंतेचे कारण नाही. 2018 पासून तो अंकीय स्वाक्षरीसह महसूल खात्याकडून मिळतो. बऱ्याच गुणपत्रिका आणि परवाने 2015 साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये सापडतात. ज्याची मूळ नोंद सरकारदरबारी आहे त्याची राखण सरकार बरीवाईट करीतच असते. गंमत अशी की मध्यमवर्गीय घरात याच कागदांच्या चार-चार झेरॉक्स प्रती लोखंडी कपाटात ठेवलेल्या आढळतात, आणि जगात ज्याची दुसरी प्रत नाही ते सर्व एका हार्ड डिस्कवर सोपवलेले असते.

हार्ड डिस्क बंद पडते, हा अपवाद नव्हे. ते तिच्या आयुष्याचे ठरलेले टोक आहे. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्या लाखो डिस्कचा हिशेब नियमित प्रसिद्ध करते. अलीकडच्या वर्षांत तिच्याकडे दरसाल शंभरांत साधारण एक ते दोन डिस्क निकामी झाल्या. त्या डिस्क थंड, कोरड्या आणि अखंड वीजपुरवठ्याच्या खोल्यांत असतात. खाऱ्या दमट वाऱ्यात, दिवसातून तीन वेळा वीज जाणाऱ्या घरात, भिंतीला ओल आलेल्या खोलीत हे प्रमाण त्याहून बरे असेल असे मानायला काहीच आधार नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालगत गेले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. दोनच महिन्यांनी, 22 जुलै रोजी, चिपळूण पाण्याखाली गेले. तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने 2005 च्या पुरात सोसलेले नुकसान भरून काढत आणले होते. त्याच्या ग्रंथांवरून पुन्हा पाणी फिरले. पुराचे पाणी ग्रंथ आणि यंत्र असा भेद करीत नाही.

वस्तुतः प्रत ठेवण्याची कल्पना आपल्या नोकरदार वर्गाला नवी नाही. कचेरीतून एखादे पत्र बाहेर पडले आणि त्याची स्थळप्रत फायलीत लागली नाही, असे झाले तर जुना हेडक्लार्क कारकुनाला दिवसभर उभा धरीत असे. टंकलेखन यंत्रात कार्बन घालणे हा हाताचा धर्म होता. तोच मनुष्य संध्याकाळी घरी येऊन पाच वर्षांचा मजकूर एकाच ठिकाणी ठेवून निश्चिंत झोपतो. याला केवळ आळस म्हणणे अन्यायाचे होईल. कचेरीत स्थळप्रतीचा खर्च कचेरी करते आणि ती नसल्याचा जाब विचारणारा वरिष्ठ असतो. घरात खर्च आपला, श्रम आपले, आणि जाब विचारणारा कोणी नाही. शिवाय या खर्चाचा लाभ कधी डोळ्यांना दिसत नाही. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ बास्तिया याने 1850 साली दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या परिणामांवर एक निबंध लिहिला. डिस्कसाठी मोजलेले काही हजार रुपये दिसतात. न झालेले नुकसान दिसत नाही. आयुर्विम्याचा हप्ता भरण्यासाठी निदान प्रतिनिधी दारात येऊन बसतो. प्रतीसाठी दारात कोणी येत नाही.

त्यातच एका गैरसमजाची भर पडते. प्रत काढली म्हणजे काम झाले, असे अनेकांना वाटते. ती प्रत कोठे आहे आणि मुळाशी तिचे नाते काय आहे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर याच कोकणपट्टीवरील एका घटनेत मिळते.

27 जून 2017 रोजी उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनल ठप्प झाले. ते मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाकडून चालवले जात होते. युक्रेनमधील हिशेब ठेवण्याच्या एका प्रणालीच्या सुधारित आवृत्तीतून नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम पसरला आणि काही तासांत या कंपनीचे जगभरचे संगणक त्याने निकामी केले. न्हावा शेव्याला कंटेनर अडकून पडले. मर्स्ककडे प्रती नव्हत्या असे नाही. कोणत्या कर्मचाऱ्याला कोठे प्रवेश आहे याचा कारभार पाहणारे सुमारे दीडशे संगणक तिने जगभर ठेवले होते, आणि प्रत्येकातील मजकूर इतर सर्वांशी सतत जुळवला जात असे. एक पडला तर बाकीचे आहेतच, असा हिशेब होता. पण सगळे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे सगळे एकदमच पुसले गेले. वाचला तो एक, आफ्रिकेतल्या घाना देशातला. का वाचला? तर हल्ल्यापूर्वी तेथे वीज गेली होती आणि तो संगणक जाळ्यातून तुटलेला होता! ज्या भारनियमनाला आपण बोटे मोडतो, त्यानेच एका बलाढ्य कंपनीची अब्रू राखली. तेथून मजकूर तारेने पाठवावा तर वेग अपुरा. मग एका कर्मचाऱ्याने ती डिस्क नायजेरियापर्यंत नेली आणि तेथे आलेल्या दुसऱ्याने ती विमानाने इंग्लंडला पोहोचवली. दहा दिवसांत पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले; तोटा पंचवीस ते तीस कोटी डॉलरांच्या घरात गेला.

तात्पर्य, जी प्रत मुळाला सदैव चिकटलेली आहे ती मुळाबरोबरच जाते. आपल्या घरी हेच निराळ्या वेषात घडते. बाहेरची डिस्क आणली जाते, संगणकाला लावली जाते आणि कायमची तशीच लावून ठेवली जाते. वीज पडली तर दोन्ही जळतात. खंडणीखोर प्रोग्राम शिरला तर दोन्ही कुलूपबंद होतात. चोर आला तर दोन्ही एकाच पिशवीत जातात. मोबाइलमधील छायाचित्रे आपोआप क्लाउडमध्ये जातात म्हणून निर्धास्त असणाऱ्यांचीही स्थिती फारशी निराळी नसते. जुळणी करणाऱ्या अशा बहुतेक सेवांमध्ये नातवाने मोबाइलवर पुसलेले छायाचित्र तिकडेही पुसले जाते, आणि ते परत मिळवण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. गूगलने छायाचित्रांची अमर्याद फुकट साठवण जून 2021 मध्ये बंद केली. दोन वर्षे न वापरलेली खाती काढून टाकण्याचे धोरण 2023 पासून अमलात आणले. आजोबा गेल्यावर त्यांचे खाते कोण उघडणार? क्लाउड उपयोगी आहे, घराबाहेरची प्रत म्हणून तर फारच उपयोगी आहे. पण तेथे आपण भाडेकरू आहोत आणि भाडेपट्ट्याच्या अटी मालक बदलू शकतो, एवढे ध्यानात असावे.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला यात नवे काही वाटणार नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने गावोगाव फिरून, ज्याने जे पाहिले-ऐकले ते विचारून, चक्रधरस्वामींच्या लीळा एकत्र केल्या. परंपरा सांगते की परचक्राच्या धामधुमीत ती मूळ पोथी नाहीशी झाली. पुढे अनुयायांनी स्मरणाच्या बळावर लीळाचरित्र पुन्हा सिद्ध केले, आणि म्हणून आज हिराइसा पाठ, पिढीपाठ अशा पाठांची चर्चा करावी लागते. ग्रंथ वाचला तो अनेक माणसांच्या डोक्यात, वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांपासून तुटलेल्या अवस्थेत असल्यामुळे. ती सोय आता नाही. पाच हजार छायाचित्रे आणि दहा वर्षांचा जमाखर्च कोणाला मुखोद्गत असणार?

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम जगभर पाळला जातो: एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. कट्ट्यातील घराला तो सहज पेलण्यासारखा आहे. संगणकातील मूळ, कपाटात सुटी ठेवलेली आणि प्रत काढण्यापुरतीच जोडली जाणारी डिस्क, आणि तिसरी क्लाउडमध्ये किंवा मुंबईच्या भावाकडे. गणपतीला येणारा चाकरमानी परत जाताना खोबरेल आणि कोकम नेतोच. एक डिस्क त्याच्या पिशवीला जड होणार नाही, आणि पुढल्या वर्षी तो ती घेऊन आला की नवी भरून देता येईल. सीडीवर विसंबून राहणाऱ्यांनी एकदा जुन्या सीडी उजेडात धरून पाहाव्यात. कोकणातल्या हवेत त्यांवर बुरशी धरते. पेन ड्राइव्ह हे मजकूर नेण्या-आणण्याचे साधन आहे, वर्षानुवर्षे खणात टाकून ठेवण्याचे नव्हे.

मात्र प्रत काढण्यापेक्षा ती उघडून पाहणे अधिक महत्त्वाचे. जानेवारी 2017 च्या अखेरच्या दिवशी गिटलॅब या संगणकीय कंपनीच्या एका कर्मचाऱ्याच्या हातून चालू मजकूर पुसला गेला, तेव्हा बचावासाठी योजलेल्या पाचही व्यवस्थांपैकी एकही धड काम करीत नसल्याचे उघड झाले. सहा तासांपूर्वी योगायोगाने काढलेल्या एका प्रतीने तिला तारले. जेथे या विषयाचे तज्ज्ञ पगारावर आहेत तेथे ही तऱ्हा! योगायोगाने 31 मार्च हा दिवस 2011 पासून जगात या कामासाठी पाळला जातो. आपल्याकडे तो हिशेबाच्या वर्षाचा अखेरचा दिवस. खतावण्यांचा ताळा घालण्याची सवय असलेल्या वर्गाने त्या आठवड्यात कपाटातल्या डिस्कवरील चार-पाच फायली दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहण्याचा ताळाही घालावा.

येथपर्यंतचे घराने घराचे पाहावे. पण मंडळाचा जमाखर्च, दशावताराचे चित्रण, ओव्या, शाळेच्या संमेलनांची छायाचित्रे ही एका घराची मालमत्ता नव्हे. ती केवळ एका घरात अडकून पडलेली गावाची मालमत्ता आहे. तिच्या प्रतीचा खर्च एका कारकुनाने का सोसावा? ज्याचा लाभ सर्वांना, त्याचा खर्च एकावर पडला की ते काम होत नाही, हा अर्थशास्त्राचा जुना अनुभव आहे. महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली अ, ब, क, ड वर्गांच्या ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळते. अनुदान तुटपुंजे आहे आणि ते वेळेवर येत नाही ही ग्रंथपालांची तक्रार रास्तच आहे. तरीही गावाच्या अशा मजकुराच्या दोन डिस्क, एक आपल्या कपाटात आणि दुसरी तालुक्याच्या ग्रंथालयात अदलाबदलीने, सांभाळण्याचे काम या संस्थांकडे सोपवता येईल. मासिकांच्या वर्षभराच्या वर्गणीहून त्याचा खर्च फार मोठा नाही.

आक्षेप येईल तो विश्वासाचा. गावात एकाचे पत्र दुसऱ्याच्या हाती पडले तर काय होते, हे कोणाला सांगायला नको. म्हणून खाजगी मजकूर या कपाटात येऊच नये, आणि आर्थिक मजकूर येईल तो परवलीच्या शब्दाने कुलूपबंद होऊनच यावा. परवलीचा शब्द हरवला तर प्रत असून नसल्यासारखी, हे खरे. तेव्हा तो मोहोरबंद पाकिटात मंडळाच्या अध्यक्षाकडे राहावा आणि कार्यकारिणी बदलताना दप्तराबरोबर तेही पाकीट नव्यांच्या हाती द्यावे. घटनेत तशी एक ओळ घालण्यास मंडळांना पुढची वार्षिक सभा पुरेशी आहे.