मोठे इंजिन, जुनी गाडी आणि आमचे भांडवल

आमचा धंदा कापडाचा, तेव्हा मोटारींच्या कामात आम्ही तोंड का घालावे, असे काही वाचक बंधू विचारतील. त्याचे असे झाले. गेल्या महिन्यात भिवंडीच्या आमच्या पेढीवर ओळखीतला एक तरुण मिस्त्री आला. फोनवर त्याने 1932 सालच्या फोर्ड गाडीचा फोटो दाखवला. छप्पर कापून खाली घेतलेले, बॉनेट काढलेले, आत शेवरोलेचे चकचकीत इंजिन. म्हणाला, "चाचा, माझ्याकडे जुनी लँडमास्टर पडून आहे, इंजिनासकट. तिची अशीच गाडी बनवतो. हुनर माझा, भांडवल तुमचे."

हुनर त्याच्याकडे आहे, यात शंका नाही. पण त्याने फक्त फोटो पाहिला होता.

अमेरिकेत अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तलावांवर शर्यती लावणाऱ्या पोरांनी हा शौक वाढवला. फोर्डने 1932 साली साध्या गिऱ्हाइकाला परवडेल अशा गाडीत 65 हॉर्सपॉवरचे व्ही-8 इंजिन दिले, त्यामुळे त्या सालची गाडी सर्वांची लाडकी झाली. पुढे 1955 साली शेवरोलेचे व्ही-8 आले, 162 हॉर्सपॉवरचे, आटोपशीर आणि वजनाला हलके. अपघातात मोडलेल्या गाड्यांतून ते स्वस्तात मिळू लागले आणि फोर्डच्या पोटात शेवरोले बसवण्याची रीतच पडली.

आता खरी मेख. 1932 च्या फोर्डचे ब्रेक सळयांनी ओढले जात. तेलाचे ब्रेक फोर्डने 1939 साली दिले. म्हणून जाणता कारागीर ताकद वाढवतो तेव्हा ब्रेकही बदलतो. चासीच्या पट्ट्यांना आतून पत्रा जोडून त्या पेटीसारख्या बंद करतो, नाहीतर इंजिनाच्या पिळाने त्या वाकतात. गिअरबॉक्स, मागचा धुरा, रेडिएटर, स्टिअरिंग, सगळे पुन्हा मापून घ्यावे लागते. आमच्या जॉबर बंधूंना हे समजावून सांगायला नको. जुन्या साध्या मागाला मोठी मोटर लावून पिक वाढवले की काय होते? धोटा उडतो, तार तुटते आणि शिव्या मालकाला बसतात.

धंद्याच्या नजरेने पाहिले तर कमाई गाडीत नव्हतीच. जॉर्ज हर्स्ट नावाच्या माणसाने एका गाडीचे इंजिन दुसरीत बसवण्यासाठी लागणारे माउंट बनवून विकले आणि गिअरच्या दांड्यांपर्यंत नाव कमावले. लॉस एंजेलिसचे विक एडेलब्रॉक गॅरेज चालवत, त्यांनी फोर्डच्या इंजिनासाठी स्वतःचे मॅनिफोल्ड ओतले. एक भाग नीट मापाने बनवला, त्यावर आपले नाव घातले, शंभरांना विकला. 1963 साली अशा कारखानदारांनी आपली संघटनाही काढली. आमच्याकडचा मिस्त्री मात्र तोच भाग दर वेळी नव्याने घडवतो, माप कोठे लिहून ठेवत नाही, आणि मजुरी घेऊन विसरतो. याचे आम्हाला फार वाईट वाटते.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या नोंदीतील तपशील कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. उलट 2021 च्या नियमांनी 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केला की तो मान गेला. म्हणजे आपल्या हाताने सोने वितळवून पितळ करायचे!

जुन्या वस्तूला हातच लावू नये, असे आमचे म्हणणे नाही. नुसता सांगाडा उरला असेल तर त्यात दुसरे इंजिन घालणाऱ्या अमेरिकनाला आम्ही नावे ठेवणार नाही. तेथे तर 1932 च्या फोर्डची बॉडी नव्या पत्र्यात तयार मिळते, अस्सल गाडी कापावी लागत नाही. पण या पोराची लँडमास्टर सबंध आहे.

आम्ही त्याला सांगितले, कापाकापीला एक पैसा देणार नाही. या गाडीचे न मिळणारे भाग बनवण्यासाठी लेथ घेत असशील, मापे वहीत उतरवून ठेवणार असशील, तर निम्मी रक्कम आमची. तोंड पाडून गेला. परवा निरोप आला, कुर्ल्यात एक जुना लेथ पाहिला आहे, भाव जास्त सांगतात, चाचा स्वतः येऊन बोलतील काय?

शुक्रवारी पेढी बंद असते. त्या दिवशी जाऊ.