ई-२०: मायलेजपलीकडचा प्रश्न

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले आणि वादाला तोंड फुटले. गाडी कमी धावते का, जुन्या गाडीचे रबरी भाग टिकतील का, यावर हिरिरीने बोलले गेले. धुराचे काय होते, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला. खरे तर आरोग्याशी थेट संबंध त्याचाच.

गाडीतून बाहेर पडणारा धूर आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून जातो. त्यातील जाळीदार ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचे अतिसूक्ष्म कण बसवलेले असतात. सारा व्यवहार होतो तो या कणांच्या पृष्ठभागावर. ऑक्सिजनच्या रेणूतले दोन अणू तिथे एकमेकांपासून सुटे होतात आणि धातूला चिकटतात. याला अधिशोषण म्हणतात. शेजारी कार्बन मोनॉक्साइडचा रेणू चिकटलेला असला की तो ऑक्सिजनचा अणू उचलतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. जागा पुन्हा मोकळी.

अडचण अशी की ऑक्सिजनला सुटे होण्यासाठी शेजारशेजारच्या दोन रिकाम्या जागा लागतात, कार्बन मोनॉक्साइडला एकच पुरते. गाडी थंड असताना हा वायू जवळपास सगळ्या जागा अडवून बसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनवरही तो असाच ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट बसतो. विषबाधा होते ती त्यामुळेच. अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२२ मध्येच प्लॅटिनमवरच्या या अडवणुकीचे स्पष्टीकरण दिले होते. पुढे गेरहार्ड एर्टल यांनी पृष्ठभागावरच्या अशा घडामोडी टप्प्याटप्प्याने उलगडल्या. त्यांना २००७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की कार्बन मोनॉक्साइड सुटू लागतो, ऑक्सिजनला जागा मिळते आणि काम सुरू होते. दूध आणायला कोपऱ्यावर नेलेली स्कूटर तिथे पोहोचेपर्यंत कन्व्हर्टर पुरता तापलेलाही नसतो.

आता इथेनॉलकडे वळू. त्याच्या वजनाचा सुमारे ३५ टक्के भाग ऑक्सिजनच असतो. एक किलो साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला त्याहून कमी. म्हणजे हवा तेवढीच घेतली, तर धुरात ऑक्सिजन जास्त उरणार. कार्बन मोनॉक्साइडसाठी हे चांगलेच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार ई-२० मुळे तो दुचाकींत ५० टक्के आणि चारचाकींत ३० टक्के घटतो.

दुसरी बाजू ऱ्होडियमची. नायट्रोजन ऑक्साइडचा रेणू ऱ्होडियमवर तुटतो. नायट्रोजन जोडीने उडून जातो, ऑक्सिजन मात्र धातूला धरून राहतो. तो आपणहून सहज सुटत नाही. कार्बन मोनॉक्साइडने किंवा हायड्रोकार्बनने येऊन त्याला न्यावे लागते. धुरात हे वायू कमी आणि ऑक्सिजन जास्त असेल, तर ऱ्होडियम ऑक्सिजननेच झाकला जातो आणि नायट्रोजन ऑक्साइड न तुटताच बाहेर पडतात. त्यांतूनच उन्हात ओझोन तयार होतो, सूक्ष्म कणांत भर पडते. दम्याच्या रुग्णांना याचा त्रास अधिक.

बीएस-६ च्या बहुतेक गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर असतो. तो धुरातला ऑक्सिजन पाहून इंधनाची मात्रा क्षणोक्षणी बदलतो. शिवाय कन्व्हर्टरमधला सिरियम ऑक्साइड जादा ऑक्सिजन साठवतो आणि गरजेला परत देतो. त्यामुळे या गाड्यांबाबत फारशी धास्ती नको. कार्ब्युरेटरच्या जुन्या दुचाकींना ही सोय नाही. ज्यांचे मिश्रण आधी इंधनाकडे झुकलेले होते, त्या ई-२० वर कदाचित सुधारतील. ज्यांचे आधीच पातळ होते, त्यांचे नायट्रोजन ऑक्साइड वाढू शकतील. नीती आयोगाच्या अहवालातही या वायूबाबत स्पष्ट कल दिसला नाही. इंजिनागणिक निकाल वेगळा होता.

मग रस्त्यावर हे कळणार कसे? पेट्रोल गाडीच्या पीयूसी तपासणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. ई-२० वर चालणारी जुनी मोटारसायकल त्यामुळे पूर्वीपेक्षा सहज पास होईल आणि तिच्या धुरातला जो घटक वाढलेला असू शकतो, त्याची नोंद त्या प्रमाणपत्रावर कुठेच नसेल.